मार्क घसरले की तास वाढवायचे, हे आम्हाला कुणी शिकवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी आहे, वय २७, गाव परभणी जिल्ह्यात, पुण्यात आले त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितीय, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. आमच्या अभ्यासिकेत रोज सकाळी तुमचा पेपर येतो, तो आम्ही करंट अफेअर्ससाठी (चालू घडामोडींसाठी) वाचतो, हातात हायलायटर घेऊन. पण निकाल लागल्यावर तुम्ही पहिल्या आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती छापता ना, त्या मात्र हायलायटर बाजूला ठेवून वाचतो. त्यात एक ओळ ठरलेली असते, रोज १४ तास अभ्यास केला, रोज १६ तास केला. ती ओळ कापून डेस्कवर चिकटवलेली मी कितीतरी जणांकडे बघितलीय, माझ्याही डेस्कवर होती. त्या ओळीबद्दलच लिहायचंय, कारण ती मी शब्दाला धरून पाळली आणि माझे ५-६ महिने मातीत गेले. आणि आता ९ नोव्हेंबर २०२५ ची पूर्व परीक्षा तोंडावर आलेली असताना माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचं तेच चालू झालंय, मला रोज डोळ्यांनी दिसतंय, म्हणून राहवलं नाही.

मागच्या वर्षीचं सांगते. २०२४ ची राज्यसेवा पूर्व आधी २८ एप्रिलला होती. त्या तारखेला धरून मी सगळं बसवलं होतं, कुठला विषय कधी संपवायचा, रिव्हिजन कधी, टेस्ट कधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेस्ट सिरीजला मला ११०, ११६, एकदा तर ११८ पडले होते. ज्यांच्या घरी कोणी हा अभ्यास करत नाही त्यांच्यासाठी सांगते, पूर्वचा पहिला पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० मार्कांचा असतो, वेळ २ तास, बरोबर आलं तर २ मार्क आणि चुकलं तर अर्धा मार्क कापला जातो. दुसरा सीसॅटचा, म्हणजे आकलन आणि बुद्धिमत्तेचा पेपर आता फक्त ३३ टक्के घेऊन पास व्हायचा असतो, त्यामुळे मेन्सला म्हणजे मुख्य परीक्षेला जायचं की नाही ते सगळं पहिल्या पेपरवर ठरतं आणि तिथे एकेका मार्कासाठी जीव वर-खाली होतो.

मार्चमध्ये कळलं परीक्षा पुढे गेली. आरक्षणाचा नवा कायदा झाला होता, जागांचा हिशोब परत होणार होता, कारण समजण्यासारखं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग तारीख सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा निघाली, दोन्ही फॉर्म भरलेली मुलं खूप होती, पुण्यात शास्त्री रोडवर आंदोलन झालं, आणि २२ ऑगस्टला म्हणजे पेपर ३ दिवसांवर असताना कळलं की परत पुढे. शेवटी परीक्षा झाली १ डिसेंबरला. एप्रिलची परीक्षा डिसेंबरला. पाहुणे येणार म्हणून सगळा स्वयंपाक करून ठेवायचा आणि मग ७ महिने रोज तेच गरम करत बसायचं, असं झालं होतं आमचं. पहिल्यांदा गरम केलं तर चव राहते, दहाव्यांदा आमटी खाली लागायला लागते.

माझी लागली. मे मध्ये १०८, जूनमध्ये १०१, जुलैमध्ये ९६. दरवेळी मार्क पडले की मी काय करायचे तर १ तास वाढवायचे. १० चे ११ केले, ११ चे १२, जुलै अखेर १४ तास. सकाळी ५ ला उठून ६ ला डेस्कवर, रात्री साडेअकराला खाली. संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी सारसबागेपर्यंत चालत जायचो ते बंद केलं, म्हटलं तो पाऊण तास वाया जातो. जेवताना कानात हेडफोन घालून लेक्चर लावायचे, डब्यात काय भाजी होती हे जेवून झाल्यावर सांगता आलं नसतं. आठवड्याला १ टेस्ट होती ती ३ केल्या. घरचा फोन रोज यायचा तो रविवारवर आणला. आणि मार्क अजून खाली. मला काही कळेचना, कारण लहानपणापासून आपल्याला हेच सांगितलेलं असतं ना की कमी पडले म्हणजे अभ्यास कमी पडला. दहावीला तसंच होतं, बारावीलाही तसंच होतं, मग इथे उलटं का होतंय?

त्या दिवसांत कसं वाटायचं ते नीट सांगते, कारण ज्याचं चालू असेल त्याला ओळखता यायला पाहिजे. एकच पान ४ वेळा वाचायचे आणि खाली आल्यावर वर काय होतं ते आठवायचं नाही. हायलायटर फिरवत राहायचे, शेवटी बघितलं तर सगळं पानच पिवळं. शेजारचा मुलगा पेनाचं बटण टकटक करायचा तर मला रडू यायचं, राग पण नाही, रडू. पॉलिटी, म्हणजे राज्यघटना, माझा जीव की प्राण विषय, रूममध्ये कोणाला काही अडलं की माझ्याकडे यायच्या, तर त्या विषयाचं पुस्तक समोर आलं की पोटात गोळा यायचा. नंतर नंतर तेही बंद झालं, काहीच वाटेना. पास झाले काय नि नापास झाले काय, होईल ते होईल. बाकी सगळ्यापेक्षा त्या काहीच न वाटण्याची मला आता जास्त भीती वाटते.

ऑगस्टमध्ये परीक्षा पुढे गेल्यावर लगेच २-३ दिवसांत मी परत एक टेस्ट दिली, म्हटलं थांबायचं नाही. ८२.५ पडले. १०० पैकी ९० सोडवले होते, ५१ बरोबर आणि ३९ चूक. त्या रात्री मला झोप येणार नव्हतीच म्हणून मी पहिल्यांदाच ते ३९ प्रश्न एकेक करून वहीत उतरवले आणि दोन रकाने केले, एकात जे मला खरंच येत नव्हते ते आणि दुसऱ्यात जे येत होते तरी चुकले ते. दुसऱ्या रकान्यात १७ निघाले. सतरा! त्यातला एक तर कलम ३१५ चा, लोकसेवा आयोगाचा, जे कलम मी चारच दिवस आधी रूममधल्या मुलीला समजावून सांगितलं होतं. प्रश्न होता "पुढीलपैकी अयोग्य विधान ओळखा" आणि मी योग्य विधानाला गोल केला होता. असे ६ प्रश्न फक्त "अयोग्य" हा शब्द न दिसल्यामुळे गेले होते. दोन ठिकाणी तर पेपरवर उत्तर बरोबर टिक केलेलं आणि ओएमआरवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, गोल दुसराच. आता हिशोब करा, चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की २ मार्क मिळतात आणि कापलेला अर्धा वाचतो, म्हणजे अडीच. १७ गुणिले अडीच, साडेबेचाळीस. तेवढे मिळवले तर माझे १२५ होत होते. मार्चपेक्षा जास्त! म्हणजे अभ्यास वाढला होता, तो कुठे गेला नव्हता, डोक्यात सगळं होतं, पण ते पेपरवर उतरवणारं माणूसच थकून गेलं होतं. आणि त्या थकलेल्या माणसाला मी अजून १ तास, अजून १ तास करत जुंपत होते.

हे वहीत दिसलं तरी मला पटलं असं नाही. पटलं ते गावाकडे. पोळा होता २ सप्टेंबरला, आईने फोनवर हट्ट केला म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेले, बॅगेत पुस्तकं भरूनच. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, वर्षभर जू वागवून जो खांदा कडक झालेला असतो त्याला हळद आणि तूप लावून चोळतात आणि बैलाला म्हणतात आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी त्याच दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला प्रचंड पाऊस झाला, आमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी, सगळ्यांची तोंडं उतरलेली, तरी अप्पा गोठ्यात बसून खांदे मळत होते. मी दारात उभी होते, मला बघून म्हणाले, "काय करून घेतलंस गं बाई स्वतःचं, किती वाळलीस." मी म्हटलं अप्पा, मार्क पडायलेत, त्यामुळे जास्त बसावं लागतंय. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दुपारच्याला औत सोडतो का नाही आपण? बैल चालायचा थांबला म्हणून त्याला चाबूक मारणारा शेतकरी नसतो, त्याला बैल कळलाच नाही." एवढंच. मग परत तूप चोळायला लागले. शेतात पीक पाण्याखाली, डोक्यावर कर्ज, आणि हा माणूस मला सांगतोय की सोड औत. मी आत जाऊन खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत झोपले. आईने उठवलं नाही, पुरणपोळी झाकून ठेवली.

तिसऱ्या दिवशी आई मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली, तिला माझा रंग बघून शंका आली होती. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६. बाईचं १२ च्या वर पाहिजे. डॉक्टर बाईंनी विचारलं काय खातेस, चहा किती पितेस. मी दिवसाला ६ चहा प्यायचे आणि जेवण झालं की लगेच एक, अभ्यासिकेखाली टपरी आहे, सगळ्यांचाच तो रिवाज आहे. त्यांनी सांगितलं की जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, मध्ये तास-दीड तास जाऊ दे. लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी, खजूर, लिंबू पिळून खा म्हणाल्या. बघा, मी ४ महिने स्वतःला आळशी, निकामी, नालायक म्हणत होते आणि अंगात रक्तच नव्हतं! हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मेसच्या डाळ-भातावर राहणाऱ्या कितीतरी मुली असतील ज्यांना वाटतंय आपली एकाग्रताच गेली. सगळ्या थकव्याचं कारण रक्त नसतं, माझं पण सगळं ते नव्हतं, पण २००-३०० रुपयांची तपासणी करून तर बघा.

परत आल्यावर बर्नआऊट या शब्दाबद्दल मी थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याचं वर्णन दिलंय, आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते म्हणून. तीन खुणा सांगितल्यात, अंगातली ताकद संपल्यासारखं होणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून पहिल्यासारखं काम न होणं. ते नोकरीपुरतं लिहिलेलं आहे हे मला माहितीय. पण पगार नाही, रजा नाही, सुट्टी नाही, कामाचे तास संपले असं सांगणारं कोणी नाही, आणि तरी रोज १२-१४ तास एका डेस्कवर, तर ही नोकरीपेक्षा वेगळी गोष्ट आहे असं मला तरी वाटत नाही. त्या तिन्ही खुणा माझ्या होत्या. मी सगळ्यात आधी तिसरीच बघत होते, मार्क, कारण ती एकच आकड्यात दिसते.

मी काय बदललं ते सांगते, उपदेश म्हणून नाही, माझ्यापुरतं. रात्री साडेदहाला झोपायला लागले, ७ तास म्हणजे ७ तास. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो हे आपण सायन्समध्ये वाचतो, प्रश्न पण सोडवतो त्याच्यावर, आणि नेमकी तीच झोप कापून अजून वाचत बसतो. डेस्कवरचे तास १४ वरून ८ केले, पहिले १५ दिवस भयंकर अपराधी वाटायचं, बाकीचे बसलेले असताना बॅग उचलून निघताना चोरी करतोय असं वाटायचं, कोणी बघत तर नाही ना. टेस्ट परत आठवड्याला १, ती पण सकाळी ११ ला, खऱ्या पेपरसारखी, आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीच वाचायचं नाही, फक्त चुकलेल्या प्रश्नांची ती दोन रकान्यांची वही. टेस्ट देणं वाईट नाही हो, आठवून लिहिल्याने लक्षात राहतं हे खरंच आहे, पण मी आठवड्याला ३ देत होते तेव्हा एकीचंही नीट बघून होत नव्हतं, नुसता मार्क बघायचा, छातीत धस्स व्हायचं, पुढची टेस्ट. आणि दुसरा रकाना, येत होतं तरी चुकलं तो, त्यात आकडा वाढला की मी त्याचा अर्थ "आराम कमी पडला" असा लावायला लागले. पहिला रकाना वाढला तर अभ्यास वाढवायचा. दोन्हीला औषध एकच देत होते आधी, तिथेच चुकत होतं. टेस्टचे मार्क ग्रुपवर टाकायचे आम्ही, ते बंद केलं. संध्याकाळचं चालणं परत चालू केलं. आणि आईला रोज फोन, ५ मिनिटं का होईना, अभ्यासाचा विषय न काढता.

मार्क लगेच वर आले असं नाही झालं. पुढच्या टेस्टला ८४, मग ९१, मग परत ८७, ऑक्टोबर संपेपर्यंत ९८, नोव्हेंबरमध्ये १०६ आणि ११२. दुसऱ्या रकान्यात १७ होते ते ५-६ वर आले. १ डिसेंबरच्या पेपरला थोडक्यात राहिले, नाही निघाली प्री, खोटं सांगणार नाही. वाईट वाटलं, पण ऑगस्टमध्ये ८२ पडल्यावर जसं स्वतःबद्दल वाटलं होतं तसं नाही वाटलं. आठवडाभर गावाकडे राहून परत आले आणि अभ्यासाला बसले, बसावंसं वाटलं.

या वर्षीही २८ सप्टेंबरची पूर्व पुराने ९ नोव्हेंबरवर गेली. ढकलली ते बरोबरच केलं, आमच्या मराठवाड्यात आणि सोलापूरकडे रस्ते, पूल पाण्याखाली होते, मुलं सेंटरवर पोचलीच नसती. पण तारीख हलते तेव्हा आमचं काय होतं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, धावणाऱ्याला शेवटच्या शंभर मीटरवर सांगायचं की अजून ५ किलोमीटर आहेत, आणि मग तो थोडा हळू झाला तर म्हणायचं याच्यात दम नाही. त्यात यंदापासून मेन्स वर्णनात्मक झालीय, लेखी १७५० मार्कांची आणि मुलाखत २७५ ची, ज्यांनी इतकी वर्षं फक्त गोल केले ते आता उत्तरं लिहायची सवय करतायत, तो ताण पूर्वच्या आधीच डोक्यावर आहे.

माझ्या शेजारची मुलगी २३ वर्षांची आहे, विदर्भातली, पहिलंच वर्ष. सप्टेंबरपर्यंत छान चाललं होतं तिचं, परीक्षा पुढे गेल्यापासून रात्री १२ च्या आधी डेस्कवरून उठत नाही. मागच्या आठवड्यात ३ टेस्ट दिल्या, तिन्हीत खाली. मी विचारलं तर म्हणाली दीदी, मी ना अजून दोन तास वाढवते. माझ्या अंगावर काटा आला. तिला कोणी सांगायचं? अभ्यासिकेच्या मालकांना दोष नाही, ते जागा, टेबल, लाईट देतात, बाहेर बोर्ड आहे २४ तास चालू, कारण मुलंच विचारत येतात की रात्री चालू असते का. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त क्लास नको, आठवड्याची सुट्टी पाहिजे आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवायची नाही असं लिहिलंय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सूचना दिल्या, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा म्हणून. म्हणजे वरच्या लोकांना हे कळलेलं आहे. पण अभ्यासिका ना क्लास ना कॉलेज, तिथे स्वतःच अभ्यास करणाऱ्या मुलाचा कोणी वर्गशिक्षक नसतो की जो म्हणेल अरे तू आज घरी जा. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोडच्या गल्ल्यांमध्ये अशा किती खोल्यांमध्ये किती मुलं बसलीत. महापालिकेने किंवा विद्यापीठाने आठवड्यातून एक दिवस एखादा समुपदेशक या भागात बसवला तरी खूप होईल, मोठी योजना नको, एक खुर्ची आणि एक पंखा.

आमच्या मालकांना आम्ही मुलींनी एकच विनंती केली होती, गच्चीचं कुलूप संध्याकाळी ५ ते ६ काढून ठेवा. त्यांनी काढलं. आता तिथे रोज १०-१५ जणी येतात.

घरच्यांनाही एक सांगायचंय. "किती पडले?" हे विचारू नका असं नाही, तुमचा पैसा आणि जीव लागलाय, तुम्ही विचारणारच. माझ्या एकटीचे कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला ११-१२ हजार जातात आणि ते कुठून येतात ते मला माहितीय, म्हणूनच तर आम्ही झोपत नाही. पण त्याच्या आधी एकदा "झोपलीस का, जेवलीस का" विचारा आणि उत्तर ऐका. आणि पोरगं २-२ आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, माणसांत येत नसेल, जगण्यात काही अर्थ नाही असलं काही बोलत असेल तर ते अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका, तिथे गच्ची आणि चालणं पुरत नाही, डॉक्टरकडे न्या. सरकारचा टेलि-मानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी ऑगस्टमधल्या त्या रात्री हा नंबर फोनमध्ये सेव्ह केला होता, लावला नाही, पण तो आहे याचाच आधार वाटला होता. लावला असता तरी चाललं असतं असं आता वाटतं.

आता तुमच्याकडे मागणं. पुढचा निकाल लागेल तेव्हा तुमचे वार्ताहर पहिल्या आलेल्यांच्या घरी जातील, पेढा भरवतानाचा फोटो घेतील. त्यांना किती तास अभ्यास केला हे विचारतात तसं किती तास झोपलात हेही विचारा ना. मार्क कधी घसरले होते का, तेव्हा काय केलं, किती दिवस पुस्तक बंद ठेवलं होतं, आजारी पडला होतात का, कोणाजवळ बोललात. माझी खात्री आहे त्यांच्याकडे याची उत्तरं असणार, ती माणसंच आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही आणि मग १६ तासांची तेवढी एक ओळ छापून येते आणि आम्ही ती कापून चिकटवतो. झोपेची ओळ छापा, ती पण कापून चिकटवू. आयोगाच्या परीक्षेला बसणारी मुलं तुमचं छापलेलं अक्षर फार मनावर घेतात हो.

काल साडेपाचला त्या शेजारच्या मुलीला हाताला धरून गच्चीवर नेलं. आधी नाही नाही म्हणत होती, पुस्तक सोबत घेऊन आली. १५-२० मिनिटं काहीच बोलली नाही, कठड्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, दीदी, इथून पर्वती दिसते हे मला माहीतच नव्हतं. तिच्या तिन्ही टेस्टचे पेपर मी मागून घेतलेत, रविवारी दोघी मिळून दोन रकाने करायला बसणार आहोत.

आपली,
एक विद्यार्थिनी,
सदाशिव पेठ, पुणे
(कृपया नाव छापू नये, गावाकडे पेपर जातो)